देवळालीच्या मास्तरांचे कोडे

सन १९९८. अमेरिकेत कॉलेजांच्या संघांसाठी एसीएम या संगणक-संघटनेची विभागीय प्रोग्रॅमिंग स्पर्धा भरली होती. तिच्यातल्या एका प्रश्नाच्या मजकुरात चक्क एका मराठी शाळामास्तराचे नाव होते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शिकवत होते. ६१७४ ही त्यांची संख्या पुष्कळांना ठाऊक असते. हा प्रश्न मात्र त्यांच्या दुसऱ्या शोधावर होता.

कोणतीही संख्या घ्या आणि तिचे अंक तिच्यातच मिळवा. ३३ मध्ये ३ आणि ३ मिळवले की ३९ येतात, ३९ वरून ५१, मग ५७. बहुतेक संख्या अशा कोणा ना कोणापासून निघतात. २०, ३१, ४२, ५३ मात्र कुणापासूनच निघत नाहीत. १९४९ मध्ये कापरेकरांनी हेरलेल्या या संख्यांना देवळाली संख्या असेही म्हणतात. स्पर्धकाने ठरावीक मर्यादेतल्या अशा सगळ्या संख्या छापायच्या. मर्यादा दहा लाख धरू.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातला किंवा जवळच्या तात्यापाऱ्यातला बारावीचा मुलगा पहिल्या फटक्यात काय लिहील? प्रत्येक संख्येसाठी तिच्या आधीच्या साऱ्या संख्या तपासायच्या. शंभरापर्यंत हे झकास चालते, बरोब्बर तेरा संख्या मिळतात. दहा लाखांपर्यंत नेले की तपासण्या होतात सुमारे पन्नास हजार कोटी. स्पर्धेतला परीक्षक म्हणजेही एक प्रोग्रॅमच. तो ‘वेळ संपली’ एवढेच सांगतो. का, कुठे, काही नाही. मग पोरगा वहीवर येतो. सहा अंकांची बेरीज जास्तीत जास्त ५४. म्हणजे मागच्या ५४ संख्या पाहिल्या तरी पुरे! आणखी थोडे डोके खाजवले की प्रश्नच उलटा दिसतो: शोधायचे कशाला, १ पासून निघून जी जी संख्या तयार होते तिच्यावर खूण करत जावे, शेवटी बिनखुणेच्या उरतील त्या आपल्या. आता काम फक्त दहा लाख पायऱ्यांचे. मला या कोड्यांचे मोल वाटते ते या दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नापाशी. क्रमांक, प्रमाणपत्र, त्याची फ्रेम, हे सारे ठीक आहे. एआयला विचारून उत्तर चिकटवले तर गुण मिळतीलही, पण त्या ५४ पर्यंत पोचण्याची वाट हातची जाते.

सायबर सुरक्षेच्या स्पर्धांची जातकुळी हीच. त्यांना ‘कॅप्चर द फ्लॅग’ म्हणतात, पोरांच्या तोंडी ‘सीटीएफ’. मुद्दाम कच्चे ठेवलेले संकेतस्थळ, कुलूपबंद फाइल किंवा सांकेतिक मजकूर समोर येतो आणि आत कुठेतरी ‘फ्लॅग’ म्हणजे अक्षरांची एक ओळ लपवलेली असते. लास व्हेगासच्या डेफ कॉन संमेलनात ही स्पर्धा १९९६ पासून गाजते. कार्नेगी मेलन विद्यापीठाने शाळकरी मुलांसाठी २०१३ मध्ये ‘पिकोसीटीएफ’ सुरू केली, तीही फुकट. आपल्याकडे अमृता विद्यापीठाची ‘इनसीटीएफ’ आहे, आणि गोव्यात २०१० पासून भरणाऱ्या नलकॉन परिषदेची ‘हॅकिम’.

अगदी नवख्याने ‘ओव्हर द वायर’ या संकेतस्थळावरचा ‘बँडिट’ हा खेळ घ्यावा. त्यात दूरच्या संगणकात शिरून पुढच्या पायरीचा पासवर्ड शोधायचा असतो. सुरुवातीच्याच एका पायरीवर तो ज्या फाइलीत आहे तिचे नाव आहे नुसती आडवी रेघ. फाइल वाचून दाखवणारा ‘कॅट’ हा आदेश त्या रेघेला नाव समजतच नाही. कीबोर्डवरून काही येईल म्हणून वाट पाहत बसतो. पडदा ढिम्म. मशीन अडकले असे वाटते. रेघेच्या आधी टिंब आणि तिरकी रेघ, म्हणजे ‘याच फोल्डरमधली’, असे लिहिले की फाइल मुकाट्याने उघडते. वरवर हा फालतू खोडसाळपणा आहे. पण दिलेला मजकूर यंत्र नाव म्हणून वाचते की हुकूम म्हणून, हा प्रश्न खऱ्या हल्ल्यांच्या मुळाशी असतो. लॉगिनच्या चौकटीत नावाऐवजी डेटाबेसला कळणारा हुकूम सरकवणे, म्हणजे एसक्यूएल इंजेक्शन, ही त्याच गोंधळाची थोरली आवृत्ती. रेघेशी तासभर झगडलेला मुलगा पुढे स्वतः फॉर्म लिहिताना आत आलेल्या मजकुरावर सहजी विश्वास ठेवणार नाही.

रायपुरात एनआयटी आहे, नवा रायपूरला २०१५ पासून ट्रिपल आयटी आहे. पण बँडिटसाठी प्रवेश परीक्षा लागत नाही. जुना लॅपटॉप आणि बरे इंटरनेट पुरते. ‘पोरगा रात्रभर काळ्या पडद्यासमोर काय करतो?’ ही घरच्यांची काळजी मात्र अगदीच अस्थानी नाही. स्पर्धेच्या सर्व्हरवर घुसायची परवानगी आयोजकांनीच दिलेली असते. हीच करामत शेजारच्या काकांच्या वायफायवर किंवा कॉलेजच्या निकालपत्रकावर केली तर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ६६ लागू शकते: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.