कपाशीची रोपे बाटलीत का होत नाहीत?



पुसद-उमरखेडकडे केळीची टिश्यू कल्चरची रोपे लावलेली तुम्ही पाहिली असतील. मग कपाशीची अशी रोपे का मिळत नाहीत, असे काहीजण विचारतात. एक तर कपाशी बियांपासून सहज येते. दुसरे असे की, बाटलीत ती मोठी हट्टी आहे.

केळीच्या मुनव्यात वाढीचा कोंब तयारच असतो. त्याला फक्त फुटवे आणायचे असतात. कपाशीत मात्र कोवळ्या रोपाच्या दांड्याचा तुकडा घेऊन त्यातून नवे रोप घडवावे लागते. हे काम संजीवके करतात.

संजीवके मुख्यतः दोन: ऑक्सिन आणि सायटोकायनिन. स्कूग आणि मिलर या शास्त्रज्ञांनी १९५७ साली तंबाखूवर दाखवून दिले की, ऑक्सिन जास्त झाले तर मुळ्या फुटतात, सायटोकायनिन जास्त झाले तर कोंब फुटतात आणि दोन्ही बेताचे असले तर नुसता पेशींचा गोळा वाढतो.

कपाशीचा असा गोळा वाढवायला लिटरभर खाद्यात ०.१ मिलिग्रॅम २,४-डी पुरते. पुढे संजीवक काढून घेतले की ‘कोकर ३१२’ या अमेरिकन वाणाच्या गोळ्यात बियांतल्यासारखे गर्भ धरतात आणि त्यांची रोपे होतात. आपल्याकडच्या बहुतेक वाणांचा गोळा वाढतो, पण रोप काही होत नाही. औषध तेच, प्रमाण तेच, फरक वाणाचा! म्हणूनच बीटीचे जनुक आधी कोकर ३१२ मध्ये घातले गेले. मग त्याचा आपल्याकडच्या वाणांशी पुन्हा पुन्हा संकर करावा लागला. त्या संकरित बियाण्याला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली.

आता हे शेतात कसे लागू पडते ते पाहा:

१. २,४-डी म्हणजे ज्वारी-गव्हातले तणनाशकच. कपाशीला त्याचा नुसता वारा लागला तरी पाने भेंडीच्या पानासारखी चिरतात. त्याचा पंप वेगळा ठेवा. तो पऱ्हाटीत कधीही नेऊ नका. शेजारी कपाशी असेल तर वारा असताना फवारू नका.

२. पातेगळीसाठी संजीवक वापरायचे तर डब्यावरील प्रमाणच घ्या. जास्त घातले म्हणजे जास्त बोंडे धरतील, असे नाही. गळ पाण्याच्या ताणाने किंवा पाणी साचून होत असेल तर आधी तो बंदोबस्त करा.

३. शेजाऱ्याला गुण आला म्हणून तुमच्या वाणाला येईलच असे नाही. आधी चार ओळींवर फवारून पाहा.

४. संजीवकात दुसरे औषध मनाने मिसळू नका. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, हे विसरू नका. तोंडाला फडके आणि हातात मोजे हवेतच.

शंका असल्यास डबा आणि बियाण्याची पिशवी घेऊन कृषी सहायकांना भेटा.