चातुर्मासातील चाल, कार्तिकीची चढण

आषाढी चौमासीनंतर श्री शत्रुंजय गिरिराजाची यात्रा थांबते आणि कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते. पावसाळ्यात वाटेवर उत्पन्न होणाऱ्या सूक्ष्म जीवांची विराधना टळावी, हा या विरामामागील विवेक आहे. साठी-सत्तरीनंतरही आदीश्वरदादांच्या दर्शनाला स्वतःच्या पायांनी जाण्याची भावना ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हेच चार महिने पूर्वतयारीचे होत.

पालिताण्याच्या पायऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास आहेत. गिरिराजावर आहार घेतला जात नाही, मुक्कामही होत नाही. चढणे-उतरणे एकाच दिवशी साधावे लागते. ज्यांना प्रकृतीमुळे शक्य नाही त्यांनी डोली घेण्यात काहीच उणेपणा नाही. परंतु आपल्या व्यापारी घरांत पुष्कळदा वयापेक्षा पेढीवरची चाळीस वर्षांची बैठकच पायांची शक्ती हिरावून घेते, आणि ती बऱ्याच अंशी परत मिळवता येते.

मांजरी हे मुळा-मुठेच्या काठचे सपाट गाव. येथील रोजच्या फेरीने हृदय आणि श्वास बळकट होतात. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पासष्टीपुढील व्यक्तींना ती स्नायूंच्या बळाचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायामही सुचवते. यात्रेसाठी हा दुसरा भाग विशेष महत्त्वाचा. चढताना दम लागतो, पण गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना असते. त्या वेळी मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार आवरत असतात. सपाट रस्त्यावर त्यांना ही सवय लागत नाही.

डोंगर जवळ नसला, तरी राहत्या इमारतीचा जिना आहेच. पहिल्या महिन्यात आठवड्यातून पाच दिवस, तीस मिनिटे चालावे. गती अशी की सोबत्याशी बोलता यावे. दुसऱ्या महिन्यात दोन दिवस जिन्याचे दोन-तीन मजले कठड्याला धरून सावकाश चढावे-उतरावे. तिसऱ्या महिन्यात फेऱ्या हळूहळू वाढवाव्यात. चौथ्या महिन्यात आठवड्यातून एकदा दीड-दोन तासांची सलग चाल ठेवावी. यात्रेच्या आधीचे तीन-चार दिवस श्रम कमी करावेत.

पर्युषणातील उपवासांच्या दिवशी आणि पारण्यानंतर लगेच जोराचा व्यायाम टाळावा. हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघेदुखी असल्यास आरंभापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चालताना छातीत दाटले किंवा चक्कर आली, तर तेथेच थांबून उपचार घ्यावेत. मधुमेहामुळे तळपायांची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी चढण्याचा आग्रह धरू नये.

पावसाळी पहाटे हिरवळ आणि चिखल टाळून, उजाडल्यावर पक्क्या रस्त्याने चालावे. पुढची जमीन न्याहाळत पाऊल टाकण्याची ईर्यासमितीची शिकवण जीवांचे रक्षण करते, आणि वृद्धांना घसरण्यापासूनही वाचवते. घरातील मुलासुनेने, नातवंडांनी आळीपाळीने सोबत केली, तर आजी-आजोबांचा नेम सहसा मोडत नाही. मग कार्तिकीनंतर हिंगळाजच्या चढावर श्वास फुलला, तरी घटकाभर विसावून पुढची पायरी चढण्याचे बळ पायांत शिल्लक असेल.