नोकरी सांभाळून प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये डॉक्टरेट? आधी पदवी तपासा, मग पैसे भरा

हुबळी : कोप्पीकर रोडवर संध्याकाळच्या गर्दीत पाच मिनिटं उभं राहिलं, तरी कळतं की इथला रस्ता खोदणं म्हणजे नुसतं इंजिनिअरिंग नव्हे. दुकानदार, ग्राहक, पार्किंग, सणासुदीचा धंदा या सगळ्यांना सांभाळून काम उरकायचं असतं. अशी कामं का लांबतात, हे पंधरा वर्षं साइटवर काढलेल्या इंजिनिअरला अनुभवाने ठाऊक असतं. तेच पुराव्यानिशी सिद्ध करायचं, तर संशोधन करावं लागतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, कोल्हापूरकडच्या नोकरदारांनी डॉक्टरेटचा विचार करण्याआधी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

दोन वाटा

पीएचडीमध्ये विषयाच्या ज्ञानात नवी भर अपेक्षित असते. ‘प्रोफेशनल डॉक्टरेट’ अनुभवी व्यावसायिकांसाठी असते. त्यात कामाच्या ठिकाणचाच प्रश्न घेऊन संशोधन करायचं असतं. मेलबर्नच्या आरएमआयटी विद्यापीठाने ‘डॉक्टर ऑफ प्रोजेक्ट मॅनेजमेंट’ ही पदवी याच धर्तीवर चालवली. भारतात मात्र बहुतेकांसाठी खरी वाट म्हणजे व्यवस्थापन किंवा सिव्हिल शाखेतली अर्धवेळ पीएचडी.

नियम काय सांगतात?

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार अर्धवेळ पीएचडी चालते. मात्र नोकरीच्या ठिकाणाहून ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. अभ्यासाला वेळ देता येईल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळीक मिळेल, असं त्यात नमूद असावं लागतं. दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के गुण हवेत. राखीव प्रवर्गांना 5 टक्के सवलत आहे. कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं. मुदत कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 6. पुनर्नोंदणी केल्यास आणखी 2 वर्षं मिळू शकतात. म्हणजे ‘दीड वर्षात डॉक्टर’ अशी जाहिरात दिसली, की तिथेच थांबलेलं बरं.

फसगत इथे होते

ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने पीएचडी देण्यास यूजीसीची परवानगी नाही. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून एडटेक कंपन्या देत असलेली ऑनलाइन पीएचडी मान्य नसल्याचा इशारा यूजीसी आणि एआयसीटीईने ऑक्टोबर 2022 मध्येच दिला होता. परदेशी पदवीच्या समकक्षतेसाठी 2025 मध्ये स्वतंत्र नियमही आले. घरात आमंत्रणपत्रिकेवर ‘डॉ.’ छापलं म्हणून कोणी अडवणार नाही. पण प्राध्यापकाच्या जागेसाठी कागदपत्रं तपासली, की लाखो रुपये आणि काही वर्षं पाण्यात गेल्याचं कळतं.

विषय दारातच आहे

हुबळी-धारवाड बीआरटीएसचंच बघा. सुमारे 22 किलोमीटरचा हा मार्ग. ‘चिगरी’ बस 2018 मध्ये धावू लागल्या आणि औपचारिक उद्घाटन फेब्रुवारी 2020 मध्ये झालं. भूसंपादन, वेगवेगळ्या खात्यांमधला समन्वय, रस्त्यावरचे व्यापारी यांतला एकेक मुद्दा प्रबंधाचा विषय होऊ शकतो. ‘भारतातील प्रकल्पांचा विलंब’ हा विषय फार मोठा; ‘एका शहरातल्या रस्तेकामात जलवाहिन्या हलवायला लागलेला वेळ’ हा हाताशी येणारा. मात्र कार्यालयातली फाईल वापरायची, तर लेखी परवानगी आधीच घ्यावी.

कुठे विचारायचं?

धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, हुबळीचं केएलई तंत्रज्ञान विद्यापीठ, बेळगावचं व्हीटीयू, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ ही नावं जवळची. प्रवेशाच्या जाहिरातीआधी आपल्या विषयाचा मार्गदर्शक तिथे आहे का आणि त्याच्याकडे जागा रिकामी आहे का, हे विचारावं. विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावं. एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नये.

आणि हेतू फक्त बढतीचा असेल, तर पीएमपीसारखं प्रमाणपत्र कमी वेळात, कमी खर्चात होतं. डॉक्टरेट त्यानेच करावी, ज्याला साइटवरचा एखादा प्रश्न घरी आल्यावरही सोडत नाही.