मध, पण आंबट!

मध कसा लागतो, असं विचारलं तर तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला? गोड! पण एक मध असा आहे की तो जिभेला लागला की आधी गोड वाटतो आणि लगेच आंबट. शिवाय इतका पातळ, की चमच्यातून तार न धरता भराभर ओघळतो. दुकानदाराने लिंबाचं पाणी घालून फसवलं की काय, असंच वाटावं. पण त्यात कुणी काही घातलेलं नसतं. तो पोयाचा मध असतो.

पोया ही आपल्याकडच्या मध साठवणाऱ्या माश्यांमधल्या सगळ्यात चिमुकल्यांपैकी एक. लांबी जेमतेम ४ मिलिमीटर, रंग काळा. तुळशीच्या मंजिरीवर बसली असेल तर चिलट समजून तुम्ही तिला हाकलूनही दिलं असेल. शास्त्रज्ञ तिला टेट्रागोन्युला इरिडिपेनिस म्हणतात. नाव तिच्यापेक्षा मोठं आहे खरं! तिची नांगी खुंटलेली असते, त्यामुळे तिला डंख मारताच येत नाही. जगात अशा डंखहीन मधमाश्यांच्या ५०० हून जास्त जाती आहेत आणि त्या सगळ्या उष्ण प्रदेशांतच राहतात.

आता जरा आग्या माशी आठवा. उंच झाडाच्या फांदीला किंवा कड्याच्या कपारीखाली तिचं मीटरभर रुंदीचं एकच पोळं उघड्यावर लटकत असतं. त्यात कित्येक किलो मध. तरी कुणाची जवळ जायची टाप नाही, कारण तिच्या सैन्याचा डंख म्हणजे जिवाशी गाठ. मग ज्या पोयाकडे डंखच नाही, तिने आपला खजिना राखायचा कसा?

पहिली युक्ती लपण्याची. झाडाची ढोली, मातीच्या भिंतीतली भेग, बांबूचं पोकळ कांडं, कधी तर चक्क विजेच्या मीटरची पेटी. आत काही हजार माश्या नांदत असतात आणि बाहेर दिसते फक्त एक छोटीशी नळी. कधी अशी नळी सापडली तर थोडं बाजूला उभं राहून नीट बघा. नळीच्या तोंडाशी राखणदार माश्या बसलेल्या असतात, डोकी बाहेर काढून. बाहेरून येणाऱ्या माशीच्या मागच्या पायांवर कधी पिवळा पराग असतो, तर कधी चकचकीत, चिकट थेंब. हा थेंब म्हणजे झाडाची राळ. हीच पोयाची दुसरी युक्ती, आणि तिचं सगळं बिऱ्हाड या राळेवर चालतं.

झाडाच्या सालीला जखम झाली की तिथे चिकट राळ पाझरते. पोया ती पायांवर लादून घरी आणते. मेण तिच्या अंगातून निघतं. मेणात राळ मळली की तयार होतो घर बांधायचा मसाला. नळी त्याची, भिंती त्याच्या, अंड्यांच्या खोल्याही त्याच्याच. नुसती राळ दाराशी लावून ठेवली की मुंगीचे पाय चिकटतात आणि स्वारी तिथेच अडकते. ऑस्ट्रेलियातली पोयाची एक बहीण तर याहून खट आहे. तिच्या घरात भुंगेरा शिरला की माश्या त्याच्यावर तुटून पडतात आणि राळ, मेण, माती थापून त्याला जिवंतपणी जागच्या जागी लिंपून टाकतात. झाली ममी तयार! (माणूस फारच जवळ गेला तर पोया केसांत शिरते, नाकाकानात घुसते, बारीक चावेही घेते. दुखत फारसं नाही, पण माणूस पळतो.)

राळेचा हा नाद जुना आहे बरं का. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये अंबराच्या, म्हणजे दगड झालेल्या राळेच्या, तुकड्यात अडकलेली एक डंखहीन माशी सापडली. ती डायनोसॉरच्या काळाच्या अखेरीची आहे. राळ गोळा करायला गेलेली बाई स्वतःच राळेत फसली असणार, असं मला आपलं वाटतं.

आता मधाकडे येऊ. आग्या किंवा सातेरी माशी मध ठेवते मेणाच्या षट्कोनी घरांत. पोयाची तऱ्हाच वेगळी. तिच्या घरात मेण आणि राळेची इवली इवली मडकी असतात, हरभऱ्याएवढी, एकमेकांना चिकटून घोसच्या घोस. काहींत मध, काहींत पराग. मडकं भरलं की तोंड बंद! फुलातला मकरंद म्हणजे बरंचसं पाणीच असतं. पोळ्यातल्या माश्या पंखांनी वारा घालून ते आटवतात, म्हणून नेहमीच्या मधात शंभर भागांत साधारण वीसहून कमी भाग पाणी उरतं. पोयाच्या बंद, दमट पोकळीत मध तेवढा आटत नाही. त्यात पंचवीस-तीस भाग पाणी राहतं, कधी त्याहूनही जास्त.

इतकं पाणी असलेला गोड पदार्थ नासायला हवा, नाही का? इथेच गंमत आहे. माशीच्या लाळेतला एक पाचक रस मधातल्या ग्लुकोजपासून आम्ल तयार करतो आणि सोबत थोडं हायड्रोजन पेरॉक्साइडही. तेच, जे औषधाच्या दुकानात जखमा धुवायला मिळतं. मधात थोडं आंबवणंही चालतं, त्यातून आणखी आम्लं येतात. मडक्याच्या भिंतीतल्या राळेचा अंशही मधात उतरतो. या सगळ्यापुढे पुष्कळ जंतूंचा टिकाव लागत नाही, आणि आपल्या जिभेला लागतो आंबटपणा. तरी बाटलीत काढून उन्हाळ्यात बाहेर ठेवलात तर हा मध फसफसतो, म्हणून तो फ्रिजमध्येच ठेवायचा.

त्याच्या गोडीतही एक गुपित निघालं. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलिया, मलेशिया आणि ब्राझीलमधल्या डंखहीन माश्यांचा मध तपासला. त्यात ट्रेहॅल्युलोज नावाची साखर निघाली, १०० ग्रॅम मधात १३ ते ४४ ग्रॅम! आपली चहातली साखर ज्या दोन लहान साखरा जोडून बनते त्याच या साखरेतही असतात, फक्त जोड वेगळ्या ठिकाणी. तेवढ्या फरकाने ती पोटात सावकाश पचते आणि रक्तातली साखर एकदम चढत नाही. म्हणून मधुमेही आजोबांनी वाटीभर मध प्यावा असं नाही हं, बाकीच्या साखरा त्यात आहेतच.

केरळात या मधाला चेरुतेन म्हणतात आणि वैद्य तो औषधात वापरतात. वर्षाकाठी एका घरातून निघतो जेमतेम पाव-अर्धा किलो, त्यामुळे भाव चढाच. तिकडे मेक्सिकोतल्या माया लोकांनी शेकडो वर्षांपासून पोयाची मोठी नातेवाईक लाकडाच्या पोकळ ओंडक्यात पाळली. ओंडक्याची दोन्ही टोकं चकती बसवून बंद करायची, मध्ये माश्यांना ये-जा करायला एक भोक. त्यांच्या एका प्राचीन पोथीत मधमाश्यांची चित्रं आहेत. ती पोथी आता स्पेनमध्ये माद्रिदला आहे.

मधाचा विषय निघाला की कुणीतरी काका पाण्याचा ग्लास मागवतातच. मध तळाशी बसला तर अस्सल, विरघळला तर भेसळ! या परीक्षेत पोयाचा अस्सल मध साफ नापास होईल, कारण तो मुळातच पातळ. उलट साखरेचा घट्ट पाक ऐटीत पास होईल. थंडीत मधात कण धरले की "साखर घातलीय" म्हणणारेही असतात. ग्लुकोज जास्त असलेला चांगला मधही गोठतो, त्यात मधाचा काही दोष नाही. मधाची खरी परीक्षा होते प्रयोगशाळेत. आणि हो, घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला कुठलाच मध चाटवायचा नाही. मधात एका जंतूची बीजं असू शकतात. आपल्याला ती बाधत नाहीत, बाळाच्या आतड्यात मात्र ती रुजून विष तयार करतात. खरचटल्यावर लावायला स्वयंपाकघरातली मधाची बाटलीही काढायची नाही. इस्पितळात जखमेवर लावायचा मध निर्जंतुक केलेला असतो.

आता पुन्हा पोयाच्या घराकडे वळू. सातेरी माश्यांना जागा नकोशी झाली तर त्या राणीला घेऊन उडून जातात. पोयाला तसं करता येत नाही. तिची राणी अंडी घालू लागली की पोट इतकं फुगतं की तिला उडताच येत नाही. म्हणून नवं घर थाटायला निघते ती तरुण राणी, म्हातारी जुन्या घरीच. त्याआधी कामकरी माश्या कित्येक दिवस जुन्या घरातून मेण, राळ आणि मध नव्या जागी वाहून नेतात. म्हणजे लेकीचा संसार माहेरच्या सामानावर उभा राहतो! पण झाड तोडलं किंवा भिंतीतली नळी गवंड्याने लिंपून टाकली तर आतल्यांना निसटायला वाट नाही. तेव्हा पोया पाळणाऱ्या माणसाला बोलवावं. तो भेग उकलून राणी, अंड्यांच्या खोल्या आणि पराग-मधाची मडकी अलगद लाकडी पेटीत ठेवतो आणि जुनी नळी पेटीच्या भोकाला चिकटवतो. मग बाहेर गेलेल्या माश्या बरोबर त्या नळीतून आत शिरतात.