शिवनेरीहून तंजावरकडे

युनेस्कोने ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले आणि जुन्नर तालुक्याचा ऊर शिवनेरीसाठी भरून आला. त्या बारांत महाराष्ट्राबाहेरचा एकच किल्ला आहे, तो तमिळनाडूतला जिंजी. मढ, ओतूर, जुन्नर या पट्ट्यात शिवनेरी बघत वाढलेल्या माणसाने या निमित्ताने जिंजी तर पाहावाच, पण तिथून माघारी न फिरता आणखी दक्षिणेला तंजावर गाठावं. शहाजीराजांच्या एका पुत्राचा जन्म शिवनेरीवर झाला. दुसरे पुत्र व्यंकोजीराजे, त्यांच्या वंशाचा राजवाडा तंजावरच्या जुन्या कोटात उभा आहे आणि आज तो संग्रहालय म्हणून सगळ्यांना खुला आहे.

राजवाडा मुळात नायक राजांचा. व्यंकोजींनी १६७६च्या सुमारास तंजावरची गादी मिळवली आणि पुढे १८५५पर्यंत भोसल्यांनी त्यात भर घातली. शहराच्या तटाचा बराच भाग आता नाहीसा झाला आहे, खंदकाच्या खुणा मात्र अधूनमधून दिसतात. वाड्यात कलादालन, दरबार, ग्रंथालय आणि राजघराण्याच्या वस्तूंचा संग्रह अशी वेगवेगळी दालनं आहेत. बाहेरून पडझड जाणवते. दरबाराच्या रंगवलेल्या खांबांकडे पाहताना तर जतनाच्या कामात झालेली हयगय टोचते.

१९५१ साली सुरू झालेल्या कलादालनात चोळांच्या ब्राँझमूर्ती आहेत. तिरुवेंकाडूला जमिनीखाली सापडलेला वृषभवाहन शिव त्यांतलाच, इ. स. १०११च्या आसपासचा. ज्या नंदीवर त्याने हात टेकला होता तो आता नाही, तरीही देहाचा तो सैल, निवांत बाक पाहणाऱ्याला जागचं हलू देत नाही. याच दालनात दुसऱ्या सरफोजीराजांचा हात जोडून उभा असलेला संगमरवरी पुतळा आहे, इंग्लंडच्या जॉन फ्लॅक्समनने घडवलेला.

बहुतेक पाहुणे इथेच फोटो काढून परततात. खरा खजिना तर पुढे, सरस्वती महाल ग्रंथालयात आहे.

सरफोजीराजे १७९८ ते १८३२ गादीवर होते. कारभार कंपनी सरकारच्या हातात गेलेला, राजाची सत्ता किल्ल्यापुरती उरलेली. अशा वेळी या माणसाने तलवारीच्या जागी पुस्तक धरलं. श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाने युरोपातून हजारो ग्रंथ मागवले, काशीयात्रेत हस्तलिखितं जमवली आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच तंजावरला देवनागरी छापखाना उभारला. इसापच्या गोष्टी मराठीत आणणारी ‘बालबोध मुक्तावली’ तिथे छापली गेली. पुण्यात तेव्हा दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू होती.

वैद्यकाची कागदपत्रं तर थक्क करतात. राजांच्या धन्वंतरी महालात वैद्य आणि डॉक्टर एकत्र काम करत. नेत्ररुग्णांच्या नोंदी आजही टिकून आहेत, सोबत रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रं. मोतीबिंदूचा रुग्ण कोण, त्याला कोणता उपचार दिला, नंतर त्याला कितपत दिसू लागलं, हे सगळं टिपलेलं आहे. चेन्नईच्या नेत्रतज्ज्ञांनी या नोंदींचा अभ्यास करून तो प्रसिद्धही केला. दोनशे वर्षांपूर्वीच्या आपल्या इतिहासात लढाया आणि तहांपलीकडे काय घडत होतं, याचा इतका ठोस पुरावा क्वचितच हाती लागतो.

मराठी रंगभूमीचा इतिहासही या वाड्यात मागे सरकतो. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ केलं, तिथून सुरुवात धरण्याची आपली सवय आहे. पण तंजावरचे शहाजीराजे, म्हणजे व्यंकोजींचे चिरंजीव, १६८४ ते १७१२ या आपल्या कारकिर्दीतच मराठी नाटकं लिहीत होते. त्यांची हस्तलिखितं इथेच सापडली. शाळेच्या पुस्तकात त्यांना भाव्यांच्या आधीचं पान मिळायला हवं.

मराठी हस्तलिखितांशिवाय मोडी कागदांचे शेकडो गठ्ठे इथे आहेत. तमिळ विद्यापीठाने त्यांतल्या काहींचे तमिळ अनुवाद छापले. म्हणजे मराठी राजघराण्याच्या रोजच्या कारभारातली काही पानं आज तमिळ वाचकाला सहज वाचता येतात, मराठी वाचकाला नाही. मराठीला ऑक्टोबर २०२४मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या मानाचा पहिला खर्च मोडी वाचणारी तरुण पिढी घडवण्यावर आणि त्यांना तंजावरला पाठवण्यावर व्हावा. नाणेघाटात सातवाहनांचा लेख ज्या तालुक्यात आहे, त्या जुन्नरच्या महाविद्यालयांनी हे मनावर घेतलं तर सुरुवात इथूनच होईल.

तोवर मोडी न येणाऱ्यालाही एक मजकूर थेट वाचता येतो. वाड्यापासून जवळच बृहदीश्वराचं मंदिर आहे. त्याच्या प्राकाराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा सबंध इतिहास मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरून घेतला. अक्षरं बारीक आहेत आणि भिंत लांबलचक. म्हणून वाड्यासाठी एक दिवस ठेवला, तर या भिंतीसाठी दुसऱ्या दिवसाची सकाळ राखून ठेवावी, दगड तापायच्या आत.