मासा केवढा होता?

आमच्या घरी दर रविवारी सकाळी साडेनऊला फोन वाजतो. फोन आण्णांसाठी असतो, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. पलीकडून बोलतात मामा. हे मामा नात्यानं आमचे कुणीच लागत नाहीत. आण्णांचे ते जुने दोस्त. आम्ही पोरं त्यांना लहानपणापासून मामा म्हणत आलो, एवढंच. आमचं गाव कृष्णेच्या काठी. गावाखालच्या डोहावर या दोघांनी चाळीस वर्षं शेजारी शेजारी बसून गळ टाकले. चार वर्षांपूर्वी मामांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि त्यांच्या मुलानं त्यांना पुण्याला नेलं. तिसऱ्या मजल्यावर. खाली बघितलं तर रस्ता, नदी नाहीच!

तुम्हाला वाटेल, दोन म्हातारी माणसं फोनवर तब्येतीचं बोलत असतील, नातवंडांचं बोलत असतील. छे! पहिला प्रश्न ठरलेला : "पाणी कसं हाय?" मग वाम लागते का, चिलापी फार झाली का, उंबराखालच्या जागेवर हल्ली कोण बसतं, अशी चौकशी. आणि शेवटी येतो तो जुना खटला. फार वर्षांपूर्वी मामांच्या गळाला एक मरळ लागली होती. काठाशी आली आणि तंगूस तुटून गेली. मामा म्हणतात, दीड हात होती. आण्णा म्हणतात, हातभरसुद्धा नव्हती. मामा म्हणतात, तंगूस जुना होता म्हणून तुटला. आण्णा म्हणतात, तुम्ही घाई केली. (तो तंगूस आण्णांनीच आणलेला होता, हे इथं सांगायला हवं.)

एकदा माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा वह्या द्यायला घरी आला होता. त्यानं हे सगळं ऐकलं आणि मला हळूच विचारलं, "गुरुजी, हे दोघं दर रविवारी भांडतात?"

चटकन काही उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्याला एक गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो. गोष्ट अगदी खरी आहे, आणि साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहे.

इंग्लंडमध्ये स्टॅफर्ड नावाचं गाव आहे. तिथे १५९३ साली आयझॅक वॉल्टनचा जन्म झाला. वडील लहानपणीच वारले. पोरगा लंडनला गेला, कापडाच्या धंद्यात शिकाऊ म्हणून राहिला आणि पुढे फ्लीट स्ट्रीट भागात स्वतःचं दुकान थाटून बसला. साधा दुकानदार. पण दोन नाद त्याला लागले होते. एक लिहिण्याचा आणि दुसरा नदीकाठी गळ टाकून बसण्याचा.

त्याचं आयुष्य सोपं नव्हतं बरं का. पहिल्या संसारातली सगळी मुलं लहानपणीच दगावली. १६४० मध्ये बायकोही गेली. त्यानंतर दोनच वर्षांत देशात यादवी युद्ध पेटलं. राजाची माणसं एका बाजूला, पार्लमेंटची दुसऱ्या बाजूला. १६४९ मध्ये तर खुद्द राजाचाच शिरच्छेद झाला. शेजाऱ्यानं शेजाऱ्याकडे संशयानं बघावं, असे ते दिवस.

वॉल्टन राजाच्या बाजूचा. १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत राजपुत्र चार्ल्सचा पराभव झाला आणि तो जीव घेऊन पळाला. त्याचं एक मौल्यवान मानचिन्ह मागे राहिलं. ते शत्रूच्या हाती पडू नये म्हणून विश्वासू माणसांनी एकाकडून दुसऱ्याकडे असं लपवत लपवत पुढे पोचवलं. त्या साखळीत आपला हा दुकानदारही होता! त्यानं ते लंडनला नेलं आणि टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगात असलेल्या कर्नल ब्लेगच्या हाती दिलं. पुढे कर्नल तुरुंगातून निसटला आणि ती वस्तू राजापर्यंत पोचली. वॉल्टनचं वय तेव्हा किती होतं? अठ्ठावन्न! सापडला असता तर काय झालं असतं, ते तुम्हीच ओळखा.

असा माणूस दोन वर्षांनी पुस्तक लिहितो, तेव्हा त्यात लढाया असतील, हेरगिरी असेल, असं आपल्याला वाटतं. १६५३ मध्ये पुस्तक आलं. नाव 'द कम्प्लीट अँगलर'. म्हणजे गळ टाकण्यात पारंगत झालेला माणूस. किंमत अठरा पेन्स. त्यात ना लढाई, ना राजा. पुढच्या आवृत्त्यांमधून वॉल्टन ते वाढवत गेला. त्यात मे महिन्यातल्या एका सकाळी रस्त्यावर तिघे भेटतात : एक गळवाला, एक शिकारी आणि एक ससाणे पाळणारा. प्रत्येकजण आपलाच छंद कसा भारी ते सांगतो. शेवटी शिकारी गळवाल्याचा चेला होतो आणि दोघं ली नदीच्या काठानं चालत राहतात. पाऊस आला की झाडाखाली बसतात. वाटेत गवळण भेटते, तिला मासा देतात आणि त्याबदल्यात तिच्याकडून गाणं ऐकतात. रात्री खाणावळीत मुक्काम. तिथल्या चादरींना लॅव्हेंडरच्या फुलांचा वास येतो. मधूनमधून कुठल्या माशाला कोणतं आमिष लावावं, तो कसा शिजवावा, हेही चालूच.

मला विचाराल तर माशांची माहिती हे त्या पुस्तकाचं निमित्त आहे. माणसं एकमेकांवर उठलेली असताना दोन माणसं दिवसभर शेजारी बसू शकतात, एवढंच त्याला लिहायचं असावं. त्या पुस्तकाच्या आजवर शेकडो आवृत्त्या निघाल्या आहेत.

आता दुसरा गडी. चार्ल्स कॉटन. याचा जन्म १६३० चा. (शिवाजी महाराजांचा जन्मही त्याच वर्षीचा, म्हणजे साल विसरायला नको.) वॉल्टनहून तब्बल ३७ वर्षांनी लहान! आणि स्वभावानं अगदी उलटा. वॉल्टन पै-पैचा हिशेब ठेवणारा दुकानदार, तर कॉटन जमीनदाराचा मुलगा. कविता करणारा, सढळ हातानं खर्च करणारा आणि कायम कर्जात बुडालेला. सावकार दारात आले की तो घराजवळच्या गुहेत लपून बसायचा, असं तिथले लोक सांगतात. पण त्याच्याकडे एक गोष्ट होती, जी लंडनच्या बाजारात विकत मिळत नाही. बेरेसफोर्डच्या त्याच्या वाड्याशेजारून डव्ह नदी वाहत होती. डोंगरातली, थंड, काचेसारखी स्वच्छ. ट्राउट आणि ग्रेलिंग माशांनी भरलेली.

या नदीनं दोघांना एकत्र आणलं. वॉल्टन लंडनहून घोड्यावर किंवा गाडीनं डोंगर चढून तिथे जायचा. कॉटन त्याला 'वडील' म्हणायचा आणि तो कॉटनला 'मुलगा'.

दोघांची पद्धतही वेगळी होती. वॉल्टन मुख्यतः आमिषवाला. गांडूळ, अळी, कणकेची गोळी, म्हणजे आमच्या आण्णांच्या पंथातला. कॉटन मात्र माशीवाला. ही माशी खरी नव्हे बरं. नदीच्या पाण्यातून काही किडे पंख फुटून वर येतात आणि ट्राउट त्यांना पटकन गिळतो. तेव्हा गळाला पिसं, प्राण्यांचे केस आणि रेशमाचा धागा गुंडाळून हुबेहूब तसा किडा बनवायचा आणि पाण्यावर अलगद टाकायचा. मासा माशीला फसतो! कोणत्या महिन्यात कोणते किडे निघतात, त्याप्रमाणे माशी बदलायची. तंगूस तेव्हा नव्हता. घोड्याच्या शेपटीचे केस वळून दोरी करत. कॉटनचं म्हणणं असं, की गळाजवळ दोनच केस असावेत, म्हणजे माशाला दोरी दिसणार नाही. आणि आपण पाण्यापासून लांब उभं राहावं, म्हणजे माशाला आपण दिसणार नाही. दोन केसांवर मोठा ट्राउट काढायचा म्हणजे ओढाओढी करून चालतच नाही. आण्णांना हे वाचून दाखवलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हे मामाला ऐकव."

आता गोष्टीचा गाभा येतो.

१६७४ साली, म्हणजे रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला त्याच वर्षी, कॉटननं डव्ह नदीच्या काठावर एक छोटंसं दगडी घर बांधलं. एकच खोली, वर निमुळतं छप्पर. मासे धरायला आलेल्या मित्रांनी टेकावं, खावं-प्यावं, गप्पा माराव्यात यासाठी. दारावरच्या दगडात लॅटिनमध्ये कोरलं, की ही जागा गळ टाकणाऱ्यांसाठी पवित्र आहे. आणि खाली कोरली चार अक्षरं. दोन वॉल्टनच्या नावाची, दोन कॉटनच्या नावाची. अशी एकमेकांत गुंतवलेली, की सोडवून वाचायला जरा वेळ लागावा. जमीन त्याची, पैसा त्याचा (किंवा सावकाराचा म्हणा!), पण दारावर नाव दोघांचं.

दोन वर्षांनी वॉल्टनच्या पुस्तकाची पाचवी आवृत्ती निघायची होती. माशीच्या मासेमारीवर तू लिही, असा वॉल्टनचा आग्रह होता. कॉटननं ते पुढे ढकललं, ढकललं... आणि पुस्तक छापायला चाललंय असं कळल्यावर दहा-एक दिवसांत सगळं लिहून काढलं. (दिवाळीचा अभ्यास शाळा सुरू होण्याच्या आदल्या रात्री करणाऱ्यांनी यातून उगाच धीर घेऊ नये. कॉटन त्या नदीवर जन्मभर बसला होता.)

कॉटनच्या या भागात एक प्रवासी घोड्यावरून डव्हच्या डोंगराळ मुलखात येतो. सपाटीवरचा माणूस तो. उतार बघून घाबरतो. नदीवरचा अरुंद पूल बघून तर थट्टाच करतो, की इथली माणसं ढकलगाडी तरी कशी नेतात? तो दगडी पूल आजही मिलडेल गावात आहे आणि त्या प्रवाशाच्याच नावानं ओळखला जातो. वाटेत कॉटनशी गाठ पडते. बोलता बोलता कळतं, की हा प्रवासी म्हणजे वॉल्टनच्या पुस्तकातला तोच चेला! मग काय, कॉटन त्याला आग्रहानं घरी नेतो आणि सकाळी ते नदीकाठचं घर दाखवतो.

प्रवासी दारावरची अक्षरं बघतो आणि विचारतो, "वॉल्टनसाहेबांनी हे पाहिलंय का?"

कॉटनचं उत्तर मी इथे माझ्या शब्दांत सांगतो. वॉल्टननं अक्षरं कोरलेला दगड पाहिला होता, पण तो जमिनीवर असताना. तो शेवटचा आला तेव्हा भिंती दाराच्या कमानीइतक्याही वर आल्या नव्हत्या. दगड जागेवर बसलेला त्यानं कधी पाहिला नाही. आणि या उन्हाळ्यातही येणं होईलसं वाटत नाही, असं त्यानं कळवलंय. याच्याहून वाईट बातमी त्याला मला कळवताच आली नसती.

माशांच्या पुस्तकात, माश्या कशा बांधाव्यात हे सांगता सांगता, कॉटन हे मध्येच लिहून जातो. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून जरा वेळ बसलो होतो.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. कर्ज वाढत गेलं आणि १६८१ मध्ये कॉटनला बेरेसफोर्ड विकावं लागलं. वॉल्टन डिसेंबर १६८३ मध्ये, नव्वद वर्षांचा होऊन, विंचेस्टर इथे वारला. तिथल्या मोठ्या चर्चमध्ये त्याची कबर आहे. इंग्लंड-अमेरिकेतल्या गळवाल्यांनी वर्गणी काढून १९१४ मध्ये तिथे त्याच्या आठवणीची रंगीत काचेची खिडकी बसवली. कॉटन १६८७ मध्ये गेला. वाडा त्याच्याकडे राहिला नाही, पैसा तर नव्हताच. नदीकाठचं घर मात्र अजून उभं आहे, दारावरच्या त्या गुंतलेल्या अक्षरांसकट.

पण १६७६ च्या पुस्तकात आणखी एक गोष्ट छापलेली आहे. कॉटनचं लिखाण हाती पडल्यावर वॉल्टननं त्याला पाठवलेलं पत्र. तारीख २९ एप्रिल. तुझ्या लिखाणात मी थोडी ढवळाढवळ केलीय, समासात चार ओळी घातल्यात, असं तो कबूल करतो. आणि म्हणतो, की मी तुझ्यापासून शंभर मैलांहून लांब आहे आणि मला त्र्याऐंशीवं लागलंय, पण ही दोन्ही विसरून मी पुढच्या महिन्यात निघतो. यात्रेला निघावं तसा. तुझी माफी मागायला.

मागच्या शनिवारी रात्री हे पत्र मी आण्णांना वाचून दाखवलं. ते अंगणात बसून गळाची गुंतलेली दोरी सोडवत होते. ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "मग? गेला का म्हातारा?"

"पत्र इथंच संपतं, आण्णा."

दुसऱ्या दिवशी रविवार. पण साडेनऊ वाजायची वाट न बघता आण्णांनी साडेआठलाच स्वतः फोन लावला. पाण्याचं विचारलं नाही, चिलापीचं विचारलं नाही. म्हणाले, "गुडघ्याला पट्टा बांधा आन् पंचमीला एसटीत बसा. इथं स्टँडवर न्यायला पोरगं येतंय." पलीकडून मामा बराच वेळ काहीतरी बोलत होते. आण्णा नुसते हं, हं करत होते. मग एकदम त्यांचा आवाज चढला :

"दीड हात? अवो, हातभर तरी हुती का ती!"