सरासरीच्या आड

प्रांताची सुबत्ता मोजण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे त्याच्या एकूण उत्पन्नास लोकसंख्येने भागणे. परंतु मुंबईच्या पेढ्या, कारखाने आणि बंदर यांची मिळकत या भागाकारात शिरली, की महाराष्ट्राचे दरडोई उत्पन्न असे काही डौलदार दिसू लागते, की गडचिरोलीचा धानउत्पादक आणि बीडहून ऊसतोडीस जाणारा मजूर हेही कागदोपत्री त्या वैभवाचे हिस्सेदार ठरतात. हा दोष टाळण्यासाठी जागतिक बँकेने २०१३ साली तळच्या ४० टक्के लोकांचे उत्पन्न वा उपभोग किती वेगाने वाढतो, ही कसोटी स्वीकारली.

तथापि ही कसोटी गरिबांची गती सांगते, त्यांचा मुलूख सांगत नाही. डच अर्थशास्त्रज्ञ हेन्री थील यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या मापाने मात्र एकंदर विषमतेची फोड करता येते: प्रदेशाप्रदेशांतील तफावत किती आणि एकाच प्रदेशाच्या पोटातील किती. दुसरा भाग जड निघाला, तर सबंध विभागाच्या नावे निधी देऊन भागत नाही. कारण नागपूर शहर आणि गडचिरोली ही दोन्ही विदर्भातच मोडतात.

हाच पेच १९८३ साली नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीपुढे होता. १९५३ च्या नागपूर कराराने समन्यायी वाटपाचे अभिवचन दिले होते, आणि राज्यघटनेच्या ३७१(२) या अनुच्छेदाचा त्याला आधारही होता. पण किती द्यावयाचे याचा हिशेब नव्हता. समितीने विभागाऐवजी जिल्हा हे एकक धरले, रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य इत्यादी बाबतींत राज्याची सरासरी काढली, आणि तिच्याखाली असलेल्या जिल्ह्यांची तूट रुपयांत मांडून तिला ‘अनुशेष’ म्हटले. ही बेरीज सुमारे ३,१८७ कोटी रुपये भरली. तीत विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के व मराठवाड्याचा २४ टक्के होता, परंतु सधन समजल्या जाणाऱ्या उर्वरित महाराष्ट्राच्या पदरीही ३७ टक्के आले, कारण तेथील पुढारलेल्या जिल्ह्यांच्या आधिक्यातून मागासलेल्यांची तूट वजा करण्यात आली नव्हती.

अर्थात, या हिशेबात सोयी मोजल्या गेल्या, मिळकत नव्हे. गावात सडक पोहोचली म्हणून मजुरी वाढतेच असे नाही. शिवाय जिल्ह्याचीही सरासरीच असते, आणि तिच्या आड एखादा उपेक्षित तालुका सहज दडतो. म्हणून सरकारी तिजोरीतून कोणास किती तरतूद मिळावी या वादाआधी मोजणीचे एकक कोणते, हा प्रश्न निकाली निघाला पाहिजे; कारण ज्याची गणतीच स्वतंत्र होत नाही, त्याला हक्काचा वाटा मागण्यास आधारच उरत नाही.